ऐदी : एका शब्दाची हकीकत
(प्राथमिक शिक्षकांसाठी भाषाविषयक अभ्यासलेख)

१. शब्दाचा रूढ अर्थ

आळशी माणसाला नावे ठेवण्यासाठी मराठीत शब्दांची वानवा नाही. ऊन अंगणात उतरले तरी अंथरूण न सोडणारा मुलगा, पाण्याचा तांब्या हाताशी असताना दुसऱ्याला हाक मारणारा गृहस्थ, इकडची काडी तिकडे न करणारा घरातील धाकटा भाऊ, यांना उद्देशून वडील माणसे जे शब्द सहज वापरतात त्यांत ‘ऐदी’ हा एक ठसठशीत शब्द आहे. ‘ऐदी कुठला!’ असे आजीने नातवाला म्हटले की त्यात राग असतो, पण त्या रागाला थट्टेची किनारही असते. नातूही तो शब्द फारसा मनाला लावून घेत नाही.

‘आळशी’ आणि ‘ऐदी’ हे दोन शब्द कोशात शेजारी बसत असले तरी बोलण्यात त्यांची जागा एक नाही. आळशी कोणीही असू शकतो. शेतावर राबणारा गडी एखादे दिवशी आळस करील, त्याला कोणी ऐदी म्हणत नाही. ऐदी म्हटले की लोडाला टेकून बसलेला, दोन वेळचे ताट समोर येणारा, उठण्याची निकड नसलेला माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. ज्याची खाण्यापिण्याची सोय लागलेली आहे आणि ती लागल्यामुळेच ज्याचे हातपाय जड झाले आहेत, तो ऐदी. आळसाबरोबर सुखवस्तूपणाची ही छटा या शब्दाला कोठून आली, या प्रश्नाचे उत्तर शब्दाच्या इतिहासात सापडते. तो इतिहास मराठी घरातून निघून थेट मोगल बादशहाच्या दरबारापर्यंत पोहोचतो.

२. मूळ शब्द आणि त्याचे मानकरी

‘ऐदी’ हे ‘अहदी’ या शब्दाचे मराठी रूप होय. अरबी भाषेत ‘अहद’ म्हणजे एक. त्यावरून ‘अहदी’ म्हणजे एकटा, स्वतंत्र, कोणाच्या पथकात नसलेला.

अकबर बादशहाच्या कारकिर्दीत (इ. स. १५५६ ते १६०५) हे एका लष्करी दर्जाचे नाव होते. अकबराचे बहुतेक सैन्य मनसबदारांच्या हाताखाली असे. प्रत्येक मनसबदाराने ठरलेल्या संख्येने घोडेस्वार बाळगावेत आणि हुकूम होताच ते घेऊन हजर व्हावे, अशी ती व्यवस्था होती. या व्यवस्थेत सामान्य स्वाराचा धनी मनसबदार आणि मनसबदाराचा धनी बादशहा. परंतु काही शूर, कुलीन वा गुणी माणसे अशी असत की त्यांना मनसब द्यावी एवढी त्यांची योग्यता वा पाठबळ नसे, आणि दुसऱ्या कोणाच्या हाताखाली त्यांना ठेवणेही बादशहाला योग्य वाटत नसे. अशांना तो स्वतःच्या खास चाकरीत घेई. हेच अहदी.

अबुल फज्ल या दरबारी इतिहासकाराने आपल्या ‘ऐने अकबरी’ या ग्रंथात अहदींची माहिती दिली आहे. त्यांच्यासाठी स्वतंत्र दिवाण व स्वतंत्र बक्षी नेमलेला असे. दरबारातील एखादा थोर अमीर त्यांचा प्रमुख असे. दर चार महिन्यांनी त्यांची हजेरी व तपासणी होई आणि मगच वेतनाचा कागद पुढे सरके. काही अहदींना महिन्याला पाचशे रुपयांहून अधिक वेतन मिळे. त्या काळी एका घोड्याच्या साध्या स्वाराला वीस-पंचवीस रुपयांच्या आसपास वेतन पडे, हे ध्यानी घेतले म्हणजे अहदीच्या मानाची कल्पना येते. अहदींचे काम केवळ लढण्याचे नव्हते. राजवाड्याचा पहारा, बादशहाचे हुकूम पोहोचवणे आणि दरबारच्या निरनिराळ्या कारखान्यांतील कामे यांवरही त्यांची नेमणूक होत असे. शाहजहान बादशहाच्या वेळी, सतराव्या शतकाच्या मध्यास, अहदी व घोड्यावरील बंदूकधारी मिळून त्यांची संख्या सुमारे ७,००० असल्याची नोंद आहे.

सारांश, मूळचा अहदी हा आळशी माणूस नव्हता. तो निवडलेला, विश्वासाचा, चांगल्या वेतनाचा आणि थेट बादशहाला जबाबदार असलेला शिपाई होता.

३. मान गेला, थट्टा उरली

मग या मानाच्या नावाचे आळसाच्या नावात रूपांतर कसे झाले? कोशकार याची दोन कारणे देतात आणि ती एकमेकांना पूरक आहेत.

पहिले कारण असे की, अहदींना लढाईचे काम मोठ्या निकडीच्या प्रसंगीच पडे. सामान्य स्वार आपल्या मनसबदाराबरोबर मोहिमेमागून मोहीम करी. अहदी मात्र बादशहाच्या जवळ, राजधानीत वा छावणीत असे. लढाई नसेल त्या दिवसांत त्याच्या हाताला काम थोडे आणि वेतन मात्र पुरते. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दिसे तो बसलेलाच दिसे. ‘बसून खाणारा’ अशी त्याची ख्याती झाली.

दुसरे कारण अधिक मौजेचे आहे. जे जमीनदार सरकारी देणे देण्यास टाळाटाळ करीत त्यांच्याकडे वसुलीसाठी अहदी पाठवले जात. अहदी जाऊन जमीनदाराच्या दाराशी ठाण मांडी. पैसे पदरात पडल्यावाचून तो हलत नसे. कोणी विनवण्या केल्या तरी उठत नसे. वसुलीचा शिपाई असा दाराशी बसवण्याची रीत मराठी मुलखालाही अपरिचित नव्हती. जुन्या मराठी कागदपत्रांत अशा शिपायाला ‘मोहसल’ म्हटलेले आढळते. अहदीचे हे बसणे गावकऱ्यांनी पाहिले. तो कोणाच्या हुकुमाने आणि कशासाठी बसला आहे हे बाजूला पडले, आणि ‘एकदा बसला की उठत नाही तो अहदी’ एवढेच लोकांच्या ध्यानात राहिले.

येथे एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. जमीनदाराच्या दाराशी बसलेला अहदी काम चुकवत नव्हता. बसणे हेच त्याचे काम होते. राजवाड्यात वाट पाहणारा अहदीही कर्तव्य सोडून बसलेला नव्हता. हाक येईपर्यंत सज्ज राहणे हीच त्याची चाकरी होती. पाहणाऱ्याने बाहेरून जे दिसले तेवढेच पाहिले आणि नाव ठेवले. ते नाव पुढे तीनशे-चारशे वर्षे टिकले. चाकरी नाहीशी झाली, दरबार गेला, घोडे गेले, पण ठेवलेले नाव राहिले.

४. शब्द दख्खनेत कसा आला

फारसी व अरबी शब्द मराठीत येण्यास बहमनी राजवटीपासून, म्हणजे चौदाव्या शतकापासून, आरंभ झाला. ‘अहदी’ हा मात्र खास मोगली व्यवस्थेतील शब्द आहे. मोगलांचे सैन्य अहमदनगरच्या किल्ल्यात शिरले ते १६०० मध्ये. निजामशाही १६३६ मध्ये संपली. औरंगजेब १६८१ च्या सुमारास दक्षिणेकडे निघाला आणि १७०७ मध्ये अहमदनगरजवळ मरण पावेपर्यंत त्याची प्रचंड छावणी या मुलखात फिरत राहिली. त्या छावणीतील माणसे, पदे, हुद्दे व शिव्या हे सारे मराठी शेतकऱ्याच्या आणि शिपायाच्या कानी रोज पडत होते. शिपाई, फौज, हवालदार, जमादार, बारगीर असे कितीतरी लष्करी शब्द मराठीने आत्मसात केले. त्यांपैकी बहुतेकांनी आपला मूळ मान राखला. ‘अहदी’ला मात्र तो राखता आला नाही. हिंदीतही ‘अहदी’ म्हणजे आळशी असाच अर्थ रूढ आहे. यावरून या अर्थाची पाळेमुळे उत्तरेतही रुजलेली होती, हे स्पष्ट दिसते.

५. उच्चार कसा बदलला

‘अहदी’चे ‘ऐदी’ होणे हे मराठीच्या स्वभावाला धरूनच झाले. ‘अ’ नंतर ‘ह’ आणि त्याला लागून दुसरे व्यंजन आले की बोलताना तो ‘ह’ दुबळा होतो आणि ‘अह’च्या जागी ‘ऐ’ ऐकू येऊ लागतो. याच वाटेने आलेले पुढील शब्द विद्यार्थ्यांच्या परिचयाचे आहेत :

महफिल — मैफल
पहलवान — पैलवान
पहलू (बाजू) — पैलू
अहदी — ऐदी

ही चार उदाहरणे फळ्यावर एकाखाली एक लिहिली तर पाचवी-सहावीतील मुलेही स्वतःच नियम शोधून काढतात. शिक्षकांनी नियम आधी सांगू नये. मुलांनी तो शोधावा.

येथे एक सावधगिरीही सांगणे अवश्य आहे. ‘ऐदी’ आणि ‘ऐतखाऊ’ यांच्या आरंभी ‘ऐ’ आहे आणि दोहोंचा अर्थही जवळचा आहे. म्हणून ते एकाच मुळातून निघाले असावेत असे सहज वाटते. पण ‘ऐतखाऊ’तील ‘ऐत’ हे ‘आयते’ या शब्दाचे आखूड रूप आहे. दुसऱ्याने तयार केलेले आयते खाणारा तो ऐतखाऊ. अरबी ‘अहद’शी त्याचे काही नाते नाही. ध्वनी जुळला म्हणजे नाते जुळले असे नव्हे. शब्दाचे मूळ ठरवताना ध्वनी, अर्थ आणि इतिहास या तिघांचीही साक्ष घ्यावी लागते.

६. अर्थाचा अपकर्ष

चांगल्या अर्थाचा शब्द कालांतराने हलक्या अर्थाने वापरला जाऊ लागला म्हणजे त्यास अर्थापकर्ष म्हणतात. ‘ऐदी’ हे त्याचे उत्तम उदाहरण आहे, पण एकमेव नाही.

सम्राट अशोक आपल्या शिलालेखांत स्वतःला ‘देवांना प्रिय’ असे म्हणवून घेई. आपल्याकडे सोपारा येथेही त्याच्या लेखाचा तुकडा १८८२ मध्ये सापडला. पुढील काळातील संस्कृत वैयाकरणांनी मात्र ‘देवानांप्रिय’ या शब्दाचा अर्थ मूर्ख असा दिला. अशोकाच्याच लेखांत ‘पासंड’ हा शब्द धर्मपंथ या साध्या अर्थाने येतो आणि सर्व पासंडांचा आदर करावा असे तो सांगतो. त्याच शब्दाचे पुढचे रूप ‘पाखंड’, आणि त्याचा आजचा अर्थ ढोंग! मराठ्यांच्या सैन्याबरोबर सामानसुमान व बाजार घेऊन चालणाऱ्या, न लढणाऱ्या लोकांना बुणगे म्हणत. सैन्याच्या पोटाची सोय त्यांच्यावाचून होत नसे. तरी ‘बाजारबुणगे’ हा शब्द पुढे कुचकामी जमावाला लावला जाऊ लागला.

याच्या उलट प्रवासही घडतो. संस्कृतात ‘साहस’ म्हणजे बळजोरीने केलेले दुष्कृत्य. मराठीत मात्र साहसी माणूस कौतुकास पात्र होतो. यास अर्थोत्कर्ष म्हणतात. शब्दांचे दिवस असे फिरतात आणि ते समाजाच्या दृष्टीबरोबर फिरतात.

पुराणातील एका नावाची गत ‘अहदी’सारखीच झाली आहे. खूप झोपणाऱ्या मुलाला ‘कुंभकर्ण’ म्हणण्याची रीत आहे. परंतु रामायणातील कुंभकर्ण जागा झाल्यावर रावणाला त्याची चूक स्पष्टपणे सांगतो आणि नंतर बंधूसाठी रणात पराक्रमाने लढून मरतो. लोकांनी त्याची स्पष्टोक्ती विसरली, पराक्रम विसरला, झोप तेवढी लक्षात ठेवली.

७. आळसाची शब्दसंपत्ती

‘ऐदी’च्या निमित्ताने त्याच्या शेजारच्या शब्दांचाही परिचय मुलांना करून द्यावा. प्रत्येक शब्दाचे घर निराळे आहे.

*आळशी.* संस्कृत ‘अलस’ व ‘आलस्य’ यांवरून. फल-फळ, कमल-कमळ, काल-काळ यांप्रमाणे येथेही ‘ल’चा ‘ळ’ झाला. काम करण्याची इच्छाच नसणे हा याचा गाभा.

*सुस्त.* फारसी शब्द. ढिला, मंद. हा स्वभावापेक्षा अवस्थेचा वाचक आहे. जेवणानंतर उद्योगी माणूसही सुस्त होतो. याचा जोडीदार ‘चुस्त’ हाही मराठीत आहे.

*कामचुकार.* काम चुकवणारा. हा आळशीच असतो असे नाही. काम टाळण्यासाठी तो कित्येकदा कामापेक्षा अधिक खटपट करतो.

*अंगचोर.* शक्ती असून ती न वापरणारा. चौघांनी ओझे उचलले असता आपला खांदा हळूच सैल सोडणारा. ‘अंग चोरणे’ हा वाक्प्रचार यातूनच उलगडतो.

*आयतोबा.* ‘आयता’ला ‘ओबा’ हा प्रत्यय लागून झालेला विनोदी शब्द. विठोबा, खंडोबा, म्हसोबा या देवतांच्या नावांत जो आदराचा प्रत्यय आहे तोच येथे थट्टेसाठी योजला आहे. नागोबा, वाघोबा, चांदोबा यांत तो भीतीने वा लाडाने येतो. ‘आधी पोटोबा मग विठोबा’ या म्हणीत थट्टा व आदर एकाच ओळीत बसले आहेत.

*खुशालचेंडू.* फारसी ‘खुशहाल’ म्हणजे सुखस्थितीत असलेला, आणि त्याच्या पुढे ‘चेंडू’. चेंडूसाठी कानडीतही हाच शब्द आहे. जिकडे उतार तिकडे चेंडू घरंगळतो, त्याला काळजी नाही. संसाराची फिकीर नसलेल्या माणसाचे असे चित्र दोन भाषांच्या धाग्यांतून मराठीने विणले आहे.

म्हणी व वाक्प्रचारही भरपूर आहेत. ‘दे रे हरी खाटल्यावरी’, ‘आयत्या बिळावर नागोबा’, ‘आळशाला दुप्पट काम’, ‘आळशाला गंगा दूर’, ‘खायला काळ नि भुईला भार’, ‘उंटावरून शेळ्या हाकणे’, ‘माशा मारीत बसणे’. यांतील ‘आळशाला दुप्पट काम’ ही म्हण केवळ निंदा करीत नाही, तर अनुभवाचे गणित मांडते. आज न शिवलेले उसवलेले टोक उद्या हातभर शिवावे लागते, हे मुलांना त्यांच्याच दप्तराच्या पट्ट्यावरून दाखवता येते.

संतवाङ्मयातही आळसाचा परामर्श घेतलेला आहे. समर्थ रामदासांच्या दासबोधातील एकोणिसाव्या दशकात ‘करंटलक्षण’ आणि ‘सदेवलक्षण’ असे दोन समास लागोपाठ आहेत. आधी दैन्याकडे नेणाऱ्या सवयी, मग भाग्याकडे नेणाऱ्या सवयी, असा तो क्रम आहे. वरच्या इयत्तेतील शिक्षकांना तो तुलनेसाठी उपयोगी पडेल.

८. वर्गात हा पाठ कसा घ्यावा

पाठ दोन तासिकांचा धरावा. आदल्या दिवशी मुलांना सांगावे की, घरातील वडील माणसे आळशी माणसाला काय काय म्हणतात ते विचारून यावे आणि ऐकले तसेच लिहून आणावे. गावोगावची बोली निराळी असल्याने पुस्तकात नसलेले शब्दही येतील. त्यांना अशुद्ध म्हणून बाजूला सारू नये. शब्द कोणी सांगितला आणि कोणत्या प्रसंगी वापरतात, हेही मुलाने सांगावे.

पहिल्या तासिकेत आणलेले शब्द फळ्यावर तीन रकान्यांत मांडावेत : ज्यांना काम करण्याची इच्छा नाही ते, जे काम टाळतात ते, आणि जे दुसऱ्याच्या कष्टावर जगतात ते. एखादा शब्द कोणत्या रकान्यात बसवावा याविषयी वर्गात मतभेद झाला तर तो होऊ द्यावा. शब्दाच्या छटेवर वाद घालणारा विद्यार्थी भाषा शिकत असतो.

दुसऱ्या तासिकेत ‘अहदी’ची गोष्ट सांगावी. नकाशावर आग्रा व अहमदनगर दाखवावे. त्यानंतर महफिल-मैफल इत्यादी जोड्या देऊन उच्चाराचा नियम मुलांकडून काढून घ्यावा. शाळेत मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७) अथवा दाते व कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश (सात विभाग, १९३२ ते १९३८) यांपैकी एखादा उपलब्ध असल्यास मुलांच्या हाती द्यावा. कोशातील शब्द शोधणे हा स्वतंत्र अभ्यास आहे, आणि वर्णक्रमाची खरी परीक्षा तेथेच होते.

९. शब्द लावण्यापूर्वी

शब्दाची ही हकीकत केवळ मनोरंजनासाठी नाही. शाळेत ‘आळशी’, ‘ऐदी’, ‘मठ्ठ’ हे शब्द शिक्षकाच्या तोंडून सहज निघतात. घरच्या आजीने लाडात म्हटलेला शब्द आणि चाळीस मुलांपुढे गुरुजींनी उच्चारलेला शब्द यांचे वजन सारखे नसते. पहिला शब्द संध्याकाळपर्यंत विरून जातो. दुसरा मुलाचे टोपणनाव होऊन बसतो आणि काही दिवसांनी मूल स्वतःही तो खरा मानू लागते.

आणि असा शब्द चुकीचा ठरू शकतो, याची साक्ष वैद्यकाच्या इतिहासात आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागातील गरीब शेतकरी व त्यांची मुले आळशी म्हणून बदनाम होती. मुले फिकट, मरगळलेली, शाळेत पेंगणारी. १९०२ मध्ये चार्ल्स स्टाइल्स या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की त्या भागात अंकुशकृमी या जंताचा मोठा प्रादुर्भाव आहे. हा जंत दूषित मातीतून अनवाणी पायांच्या कातडीवाटे शरीरात शिरतो, आतड्याला चिकटून रक्त शोषतो आणि माणसाला रक्तक्षय जडवतो. वर्तमानपत्रांनी त्याला थट्टेने ‘आळसाचा जंतू’ असे नाव दिले. पण थट्टेतील ती गोष्ट खरी होती. १९०९ मध्ये रॉकफेलर यांच्या देणगीतून या रोगाच्या निर्मूलनासाठी मंडळ स्थापन झाले. तपासणीत शाळकरी मुलांपैकी सुमारे चाळीस टक्के मुलांना ही बाधा आढळली. औषध, शौचकूप आणि पायांत जोडे, हे त्यावरचे उपाय होते. उपदेशाची तेथे गरज नव्हती.

अंकुशकृमी आपल्याकडेही आहे, आणि अनवाणी चालणारी मुलेही आहेत. फेब्रुवारी २०१५ पासून आपल्या देशात राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो आणि शाळा व अंगणवाड्यांतून मुलांना जंतनाशक गोळी दिली जाते. ही गोळी देण्याचे काम शिक्षकाकडे येते तेव्हा ते कागद भरण्याचे काम समजू नये. ‘आळशी’ ठरलेल्या कित्येक मुलांचा न्याय त्या गोळीत आहे.

म्हणून वर्गात मागे पडणाऱ्या, पेंगणाऱ्या, हात न उचलणाऱ्या मुलाला एखादा शब्द लावण्यापूर्वी शिक्षकाने पुढील गोष्टींची चौकशी करावी :

(१) मुलाची झोप पुरती होते काय? पहाटे गुरांचे, पाण्याचे वा धाकट्या भावंडाचे काम त्याच्याकडे आहे काय?
(२) ते सकाळी काय खाऊन येते? किती अंतर चालून येते?
(३) फळ्यावरचे त्याला दिसते काय? मागच्या ओळीत ऐकू येते काय?
(४) रंग फिकट आहे काय, चढ चढताना दम लागतो काय? तसे असल्यास आरोग्य केंद्रात तपासणी करवावी.
(५) दिलेले काम त्याला समजले आहे काय? न समजलेले काम आणि टाळलेले काम बाहेरून सारखेच दिसते.
(६) त्याला खरोखर काही काम नेमून दिले आहे काय?

शेवटचा प्रश्न अहदीच्या गोष्टीशी थेट जोडलेला आहे. शूर माणसे निवडली, चांगले वेतन दिले, पण दिवसभराचे नेमके काम दिले नाही, तेव्हा त्यांच्या नावाचा अर्थच पालटला. वर्गातही हुशार मुलांना प्रश्न, चपळ मुलांना निरोप आणि मागच्या बाकावरच्या मुलाला काहीच नाही, अशी वाटणी नकळत होते. वर्षभर रिकाम्या बसवलेल्या मुलाला ऐदी म्हणण्याचा अधिकार, त्याला बसवून ठेवणाऱ्याला राहत नाही. अशा मुलाकडे झाडांना पाणी घालण्याचे, खडू-डस्टर सांभाळण्याचे, रोजचे तापमान लिहिण्याचे काम नेमून द्यावे आणि ते त्याचेच राहू द्यावे. चार आठवड्यांनी त्याच्याकडे पुन्हा पाहावे.

आळस म्हणून काही नसतेच, असा याचा अर्थ नाही. निरोगी, पोटभर जेवलेले, काम समजलेले मूलही कंटाळा करते, आणि त्याला शिस्त लावणे हे शिक्षकाचे कर्तव्यच आहे. मात्र शिस्त कामाला लावावी. नाव माणसाला चिकटते आणि काम संपल्यावरही सुटत नाही.

१०. स्वाध्याय

(विद्यार्थ्यांसाठी)

१. कंसातील योग्य शब्द निवडून वाक्ये पूर्ण करा : (सुस्त, कामचुकार, ऐतखाऊ, अंगचोर, खुशालचेंडू)
 (अ) दुपारच्या उन्हात गोठ्यातले बैलही …… होऊन पडले होते.
 (आ) झाडलोटीची वेळ आली की पोटदुखीचे निमित्त सांगणारा …… असतो.
 (इ) सर्वांनी मिळून गाडी ढकलली, पण तो …… नुसता हात लावून चालला.
 (ई) भावाच्या कमाईवर जगणाऱ्या …… माणसाला गावात मान नसतो.
 (उ) पेरणी तोंडावर आली तरी बियाण्याची चिंता नाही, असा तो …… आहे.

२. ‘ओबा’ प्रत्यय असलेले पाच शब्द लिहा. प्रत्येकात आदर आहे, भीती आहे, लाड आहे की थट्टा आहे ते सांगा.

३. मैफल, पैलवान, पैलू, ऐदी यांची मूळ रूपे लिहून उच्चारातील बदल आपल्या शब्दांत सांगा.

४. ‘आळशाला दुप्पट काम’ या म्हणीला साजेसा, घरी किंवा शेतावर प्रत्यक्ष घडलेला प्रसंग आठ ओळींत लिहा.

५. जमीनदाराच्या दाराशी बसलेला अहदी आळशी होता काय? आपले मत कारणे देऊन सांगा.

पाचव्या प्रश्नाचे उत्तर शिक्षकांनी आधी सुचवू नये. मुलांनी दोन्ही बाजू मांडाव्यात, आणि शेवटी एवढेच विचारावे की, अहदीला कोणी त्याचे काम काय आहे हे विचारले होते काय.